तिमजलीचं उड्डाण

माझा धंदा ड्रायव्हिंग शिकवण्याचा. शिकणाऱ्याच्या पायाशी तीन पेडल असतात, माझ्या पायाशी एकच, ब्रेकचं; आणि त्या एका पेडलवर माझा सगळा संसार चालला आहे. त्यामुळे ज्या वस्तूला ब्रेक नाही ती बघितली की मी चार पावलं मागे सरकतो. अशा माणसाच्या घरात रॉकेट कसं शिरलं, ते सांगतो.

आई हवामान खात्यात होती. रोज सकाळी एक मोठा फुगा आकाशात सोडायचा, तो दिसेनासा होईपर्यंत तिपाईवरच्या दुर्बिणीतून त्याचा माग ठेवायचा आणि वर वारा कुठून कुठे वाहतोय ते कळवायचं, हे तिचं काम. नोकरी संपली, पण मान वरच राहिली. रस्त्याने चालतानाही तिचं अर्धं लक्ष आकाशात. खुबा मोडला तोही त्यामुळेच, असं माझं मत. तिचं मत, फरशी ओली होती.

ऑपरेशन झाल्यावर आई आमच्याकडे राहायला आली. माझी बायको दात बनवते. दंतवैद्य नव्हे. दंतवैद्य तोंडात डोकावतो. त्याने पाठवलेल्या साच्यावरून ही कॅप, ब्रिज, कवळ्या घडवते. घराच्या मागच्या खोलीत तिचं टेबल आहे. त्यावर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, बारीक कोरण्या, मेणाचे तुकडे, पॉलिश करायचं फिरतं यंत्र, आणि सगळ्यावर प्लास्टरची पांढरी पूड. ती कामाला बसली की शेजारी बॉम्ब पडला तरी मान वर करणार नाही. म्हणजे एकीची मान कायम वर आणि दुसरीची कायम खाली. नजरानजर व्हायची कधी?

दोघींचं भांडण नव्हतं, हीच खरी अडचण होती. भांडणाला निदान विषय लागतो.

"आई, चहा ठेवू?"

"ठेव. पण तुझं काम थांबवून नको."

"नाही, नाही, झालंच आहे काम."

झालं. दिवसभराचा संवाद संपला. एका हॉटेलात उतरलेल्या दोन सभ्य पाहुण्यांसारख्या त्या वागायच्या, आणि मी मधल्या मधे दोघींना पुरेल एवढी बडबड करून थकून जायचो.

मग एका दुपारी बायकोला बारीक पॉलिश पेपर हवा होता. तो तिला हॉबीच्या दुकानात मिळतो, जिथे लहान विमानं, आगगाड्या, जहाजं जोडायचे डबे असतात. डॉक्टरांनी आईला रोज थोडं चालायला सांगितलं होतं, म्हणून तीही काठी टेकत बरोबर आली. मी गाडी लावून आत शिरलो, तोवर आईने दुकानदाराला धारेवर धरलं होतं.

"याला रॉकेट म्हणता? पंख प्लॅस्टिकचे, नाक प्लॅस्टिकचं. डब्यातून काढलं की तयार. मग माणसाने करायचं काय?"

"मावशी, आजकाल कुणाला वेळ नसतो," दुकानदार म्हणाला.

"वेळ नाही तर पतंग उडवा म्हणावं."

माझी बायको पॉलिश पेपर हातात धरून आईकडे बघत राहिली. सासूच्या तोंडून तिने इतकी लांब वाक्यं पहिल्यांदाच ऐकली असावीत.

परत येताना गाडीत आईने सगळं सांगितलं. नोकरीला नवीन लागली तेव्हा गावाबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर हौशी लोकांचा एक क्लब होता. कागदाच्या नळ्या, हलक्या बाल्सा लाकडाचे पंख आणि फटाक्याची दारू भरलेल्या बोटाएवढ्या मोटरी. दर सुट्टीला ती तिथे. त्या काळी एक कंपनी तीन टप्प्यांच्या रॉकेटचं किट विकायची. डब्यावरचं नाव कुणालाच धड उच्चारता येईना, म्हणून क्लबात सगळे त्याला तिमजली म्हणत.

"तीन नळ्या एकावर एक," आई मागच्या सीटवरून हातांनी दाखवत होती आणि मला आरशात फक्त तिची बोटं दिसत होती. "खालची मोटर जळत जळत संपत आली की तिच्या डोक्यातून ठिणगी वर उडते. तीच वरच्या मोटरला पेटवते. पेटली की खालचा मजला गळून पडतो. मग दुसरी तिसरीला पेटवते. मधे वात लावायला कुणी जात नाही. आपलं आपण सगळं."

"आणि मोटरी एकमेकींना धरून कशा राहतात?" बायकोने विचारलं.

"दर जोडावर टेपचा एक वेढा. एकच. घट्ट बसला पाहिजे, आणि वेळ आली की सुटलाही पाहिजे."

"मग उडलं का ते?"

"उडलं की! पहिला मजला झकास. दुसरा पेटला, पण वाकडा झाला. तिसरा पेटला तेव्हा नाक खाली होतं. सगळा जोर लावून शेजारच्या शेतात घुसलं. तिमजलीचं तळघर झालं."

बायको खळखळून हसली. आईही हसली, पण मग जरा थांबून म्हणाली, "मी तर तेही पाहिलं नाही. बटण मी दाबलं होतं. माझं लक्ष बटणावर. मान वर केली तेव्हा नुसता धूर."

"मग परत का नाही केलंस?" मी विचारलं.

"कंपनी बुडाली. मग लग्न झालं, तू झालास."

"म्हणजे माझ्यामुळे राहिलं?"

"कंपनीमुळे राहिलं. स्वतःला उगाच महत्त्व देऊ नकोस."

बायको मागे वळली. "आई, मग आता बनवू या."

"अगं, किट मिळत नाही ते. कधीच बंद झालं."

"ज्या लोकांचे दात मी बनवते त्यांचे मूळचे दात तरी कुठे मिळतात?"

आरशात मला तिची बोटं दिसली. ती काठीच्या मुठीवर तबल्यासारखी वाजत होती.

दुसऱ्या दिवशीपासून आमच्या मागच्या खोलीतले जबडे एका बाजूला सरकले. जुन्या किटचे नकाशे हौशी लोकांनी नेटवर चढवून ठेवले होते, ते बायकोने शोधून छापून काढले. आईने चष्मा लावून ते तपासले आणि पेन्सिलीने दोन ठिकाणी फुल्या मारल्या. "इथे पंख इतका तिरका नव्हता. कुणीतरी अंदाजपंचे काढलंय." नकाशा खरा की आई खरी, यावर चर्चा झालीच नाही. बायकोने आईचा पंख कापला.

दोन नळ्या दुकानात मिळाल्या. तिसऱ्या जाडीची मिळेना, तेव्हा बायकोने लोखंडी पाइपवर ब्राऊन पेपरच्या पट्ट्या गोंद लावून तिरक्या गुंडाळल्या आणि वाळल्यावर नळी अलगद ओढून काढली. विकतच्या दोन्हींपेक्षा ती सरळ निघाली. नाकासाठी बाल्साचा ठोकळा पॉलिशच्या यंत्रावर चढवला, यंत्र सुरू केलं आणि फिरत्या लाकडावर नुसता पॉलिश पेपर धरून त्याला निमुळता आकार दिला. आई खुर्चीत बसून बघत होती. तिच्या केसांवर, चष्म्यावर, मांडीवरच्या शालीवर लाकडाची पिवळसर भुकटी. मी दार उघडलं तर दोघी एकदम ओरडल्या, "दार लाव, वारा येतोय!"

एकदा मी दोन विद्यार्थ्यांच्या मधल्या वेळात जेवायला घरी आलो तर आतून आवाज चढलेले.

"अगं, लाकडाची रेघ पंखाच्या पुढच्या कडेबरोबर जायला हवी. तू आडवी कापलीस."

"आई, आडवी कापली तर एका पट्टीत सगळे पंख बसतात. उभी कापली तर अर्धं लाकूड वाया."

"जाऊ दे वाया."

"पण मजबुतीत असा काय फरक पडणार?"

कट्‍कन आवाज आला. आईने तो पंख दोन बोटांत धरून मोडला होता. मग तिने दुसरा, बरोबर कापलेला, उचलून बायकोच्या हातात दिला. "हा मोड."

बायकोने जोर लावला. पंख वाकला, पण मोडला नाही. तिने तो टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "ठीक आहे. पण सांगायची ही पद्धत नाही. त्या पंखावर माझी सकाळ गेली होती."

"चुकलं माझं," आई म्हणाली. "पण बोलून तू ऐकलं नसतंस."

"नसतं ऐकलं," बायको म्हणाली.

घरातलं हे पहिलं भांडण. मी ताटावर बसलो आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा निवांत जेवलो.

पॅराशूट आईने पातळ प्लॅस्टिकचं कापलं. फुग्यांशी हयात गेलेली. दोऱ्या बांधताना तिला गाठीकडे बघावंही लागत नव्हतं. सगळं जुळल्यावर तिने अंगणात चाचणी घेतली. मोटरी आत बसवायच्या, रॉकेट ज्या बिंदूवर तोललं जातं तिथे दोरी बांधायची आणि डोक्यावरून गोल फिरवायचं. नाक पुढे ठेवून फिरलं तर ते आकाशात सरळ जाईल. शेपूट पुढे आलं तर जाणार नाही. मी फिरवलं. नाक पुढे.

"आता रंगाचा एक हात. पातळ," आई म्हणाली. "पिवळं आणि काळं, गांधीलमाशीसारखं."

रंग हा मात्र बायकोचा प्रांत. लाकडाची भोकं भरायला तिने पंखांवर लुकणाचा थर दिला, घासला, परत दिला, परत घासला. त्यावर रंग, त्यावर आणखी रंग, त्यावर चकाकी. नखाला कुठे शिवण लागू नये, ही तिच्या कामाची शिस्त.

"पुरे गं," आई दोनदा म्हणाली.

"आई, आजवर माझं एकही काम दंतवैद्याकडून परत आलेलं नाही."

रॉकेट झालं मात्र देखणं. आमच्या जेवणाच्या टेबलावर ते उभं राहिलं तेव्हा दिव्याचा उजेड त्यावरून वरपासून खालपर्यंत ओघळत होता. मी म्हटलं, "हे उडवायचं कशाला? असंच ठेवू या." दोघींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पाणी प्यायला उठलो.

क्लब अजून होता, धावपट्टीही तीच होती. फटींतून गवत उगवलेलं, एका बाजूला कापणी झालेली शेतं, लांबवर एक रोपवाटिका. आम्ही गाडीतून उतरलो तेवढ्यात कर्कश शिट्टी वाजली.

"गाडी तिकडे! दोरीच्या पलीकडे!"

पांढऱ्या टोपीतला एक उंच म्हातारा तरातरा चालत आला. आईने डोळे बारीक केले.

"शिट्टी! तू अजून वाजवतोस?"

म्हातारा थबकला. मग त्याने टोपी काढली. आत एकही केस नव्हता. "तू? अगं, तू कुठे होतीस इतकी वर्षं?"

"होते इथेच. तुझ्या टेपने बुडवलं, मग तोंड कुठे दाखवणार?"

"माझा टेप? टेप तू लावला होतास!"

"मी मोटरी बसवल्या. टेप तुझा."

"देवाशपथ तुझा!"

क्लबातली सगळी तरुण मंडळी गोळा झाली; ती त्या म्हाताऱ्याला शिट्टीकाका म्हणायची. उडवायचं की नाही हे मैदानावर शिट्टीकाकांच्या हातात होतं, आणि त्या बाबतीत त्यांना मैत्री-बित्री कळत नसे. त्यांनी रॉकेट हातात घेतलं, फिरवून पाहिलं, पंखावरून अंगठा फिरवला.

"वा! हे कुणी केलं?"

"माझ्या सुनेने," आई म्हणाली. मान एवढी ताठ, की काठीची गरजच नसावी.

"सुंदर. आता दोरी आणा."

त्यांनी फिरवलं. एक चक्कर, दोन चक्कर. आमची पिवळीकाळी तिमजली आधी डुगडुगली, मग आडवी झाली, मग शेपूट पुढे करून मजेत फिरू लागली. शिट्टीकाकांनी हात थांबवला.

"आज नाही."

"अहो, अंगणात व्यवस्थित फिरलं होतं," बायको म्हणाली. "वाऱ्यामुळे थोडं हललं असेल."

"थोडं नाही. हे वर जाऊन लोकांच्या अंगावर वळेल."

"पण आम्ही सगळं नकाशाबरहुकूम..."

"तो बरोबर बोलतोय," आई मधेच म्हणाली. "मीही नाहीच म्हणते. मागचा भाग जड झालाय. तुझा रंग."

बायकोचा चेहरा उतरला नाही, लाल झाला. "माझं काम आजवर परत आलं नाही, आई."

"दात जागेवरून हलायचा नसतो. याला जागेवरून हलायचंय."

परतीच्या रस्त्यात मी रेडिओ लावला, आणि लगेच बंदही केला.

घरी आल्यावर बायको सरळ मागच्या खोलीत गेली. दातांचा धातू मोजायचा तिचा नाजूक काटा आहे. तिने जुना, मोडलेला कोरा पंख त्यावर ठेवला, मग रंगवलेला. रंगवलेला जवळजवळ दुप्पट भरला. मग तिने कोरणी घेतली आणि खालच्या मजल्याचे सगळे पंख एकेक करून कापून काढले.

"अगं, थांब, घासून कमी होईल," आई दारातून म्हणाली.

"नाही होणार. लुकण लाकडात मुरलंय. नवेच करते." मग मान वर करून म्हणाली, "रंग तुम्ही द्या. एक हात. मी दिला तर माझा हात थांबणार नाही."

"पण होता मात्र देखणा."

"आई, आता नको."

नवे पंख पातळ झाले. तेवढ्याने भागेल असं आईला वाटत होतं, पण बायकोला आता अर्धवट काही नको होतं. तिने नाकाच्या बुडाशी पोकळी कोरली आणि दातांचे साचे ओततात त्या प्लास्टरचा थोडासा गोळा त्यात भरला. किती भरायचा हे ठरवायला मोकळी जागा हवी होती. ती एकच होती, माझं शिकवायचं मैदान.

त्या दिवशी माझ्या गाडीत बँकेत काम करणाऱ्या एक बाई होत्या. गाडी मागे घेऊन दोन शंकूंच्या मधे लावायचा धडा चालू होता. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला आई खुर्चीत बसलेली आणि माझी बायको मधोमध उभी राहून डोक्यावरून रॉकेट गरगर फिरवतेय.

"अजून थोडं!" आई ओरडत होती. "आणखी चिमूटभर भर!"

बाईंची गाडी बंद पडली. त्या खिडकीतून बघत राहिल्या. "सर, हे पण परीक्षेत असतं का?"

"नाही," मी म्हटलं. "ते घरचं आहे."

शेवटी बायकोने फिरवलं तेव्हा तिमजली मान सरळ करून, नाक पुढे धरून अशी फिरली, जणू तिला कुठे जायचंय ते पक्कं ठाऊक आहे. आईने खुर्चीतूनच काठी उंचावली. मला विचाराल तर मलाही आनंद झाला, पण त्याच क्षणी बँकेच्या बाईंनी एक शंकू आडवा केला.

पुढच्या सुट्टीला आम्ही परत धावपट्टीवर. सकाळ लख्ख होती, आकाश धुतल्यासारखं निळं. वारा जवळजवळ नव्हता. आईने गवताच्या चार काड्या हवेत सोडून पाहिल्या आणि म्हणाली, "खाली नाही. वर आहे थोडा, तिकडे नेईल," आणि काठीने रोपवाटिकेची दिशा दाखवली.

शिट्टीकाकांनी चाचणी घेतली. परत घेतली. मग दोरी सोडून रॉकेट आईच्या हातात दिलं.

आई खुर्चीत बसली आणि तिने मोटरी जोडायला घेतल्या. "टेप मी लावतेय. या वेळी सगळ्यांनी बघून ठेवा, म्हणजे पुढे वाद नको."

"मागच्या वेळीही तूच लावला होतास," शिट्टीकाका म्हणाले.

"तू गप्प बस."

दर जोडावर एकच वेढा. तिने अंगठ्याने तो दाबून बसवला, नखाने कड चेपली, आणि जोडलेल्या मोटरी बायकोपुढे धरल्या. बायकोने डोळ्यांजवळ नेऊन, दाताची कॅप बघावी तशा सगळ्या बाजूंनी पाहिल्या. "बसलं."

रॉकेट जमिनीत उभ्या रोवलेल्या सळईवर चढलं. तारा जोडल्या. शिट्टीकाकांनी बटणाची पेटी आईपुढे केली. आईने ती घेतली आणि बायकोच्या हातात ठेवली.

"नाही आई, हे तुमचंच."

"मला वर बघायचंय. बटण दाबणाऱ्याला काही दिसत नाही."

"मग मला दिसणार नाही."

"तू तरुण आहेस. परत उडवशील."

बायकोने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पेटी घट्ट धरली. शिट्टी वाजली. सगळे दोरीमागे सरकले. आकडे उलटे मोजायला सुरुवात झाली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझा उजवा पाय गवतात जोरात दाबला गेलाय. इकडे ब्रेक नव्हता. असता तर मी तो दाबला असता, आणि आयुष्यभर मला ऐकून घ्यावं लागलं असतं.

फुस्स! एवढाच आवाज, एखाद्याने मोठ्या गादीवर उडी मारावी तसा. सळईच्या बुडाशी पांढरा धूर आणि रॉकेट तिथे नाही. मी मान वर केली. पिवळाकाळा ठिपका सरळ वर. मग त्यातून काहीतरी सुटलं, गोल गोल गिरक्या घेत खाली येऊ लागलं.

"पहिला!" कुणीतरी ओरडलं.

धुराची रेघ क्षणभर तुटली. त्या क्षणात बायकोने माझं मनगट इतकं आवळलं की पुढे दोन दिवस खूण होती. मग रेघ परत सुरू झाली, आधीपेक्षा बारीक, आधीपेक्षा वेगात, थोडी तिरकी पण वरच. दुसरा मजला सुटला. तो कधी सुटला ते मला दिसलंही नाही, आईच्या तोंडून कळलं. ती मोठ्याने बोलत होती, पण आमच्याशी नाही, तिच्या जुन्या कामाच्या सवयीने स्वतःशीच. "दुसरा सुटला. तिसरा पेटला. पेटला. नाक वर आहे. चाललंय. चाललंय."

मग रेघ संपली आणि वर काहीच उरलं नाही. निळं आकाश.

"गेलं," शिट्टीकाका हळूच म्हणाले. "हरवलं. पण काय गेलं!"

"हरवलं कुठे? ते काय," आई म्हणाली. "पॅराशूट उघडलं."

आम्ही सगळे बघू लागलो. एका मुलीने दुर्बीण लावली. कुणाला काही दिसेना.

"सूर्याच्या डावीकडे. खाली येतंय. रोपवाटिकेकडे चाललंय." आईचं बोट हलत होतं, अगदी हळूहळू, उतरत. तिच्या बोटापलीकडे मला फक्त आकाश दिसत होतं. "चला, उभे काय राहिलात?"

आणि ती निघाली. बायको तिच्या बाजूने, मी खुर्ची घेऊन मागे. कापलेल्या शेतातून वाट नव्हती, पायाखाली खुंट, ढेकळं. मी दर थोड्या वेळाने खुर्ची उघडायचो.

"आई, बस जरा."

"नंतर."

"डॉक्टरांनी सांगितलंय..."

"डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. चालतेय."

मी खुर्ची मिटायचो, धावत पुढे जाऊन परत उघडायचो. शेवटी रोपवाटिकेच्या कुंपणाशी पोचलो तेव्हा धापा मीच टाकत होतो, आणि त्या खुर्चीवर मीच बसलो.

आतून एक जाडजूड बाई हातात लांब काठी घेऊन आल्या. रोपवाटिका त्यांची. "तुमचं आहे का हो ते? माझ्या जाळीवर आकाशातून काहीतरी पडलंय. मला वाटलं, कुठलं यंत्र आहे की काय."

रोपांवर सावलीला ताणलेल्या हिरव्या जाळीवर तिमजलीचा सगळ्यात वरचा मजला आडवा पहुडला होता. पॅराशूट बाजूला पसरलेलं. बाईंनी काठीने दोऱ्या अलगद उचलल्या आणि ते बायकोच्या हातात उतरवलं. नाक धड होतं. नळी काळवंडलेली, अजून कोमट. एका पंखाला बारीक चीर गेली होती. बायकोने त्यावरून नख फिरवलं.

"होईल ना?" आईने विचारलं.

"आई, हे काय काम आहे? चहा होईपर्यंत होईल."

चहावरून आठवण झाली असावी; बाईंनी आम्हाला आत बसवलं. कुंड्यांच्या रांगांमधे उलटे घातलेले क्रेट, ओल्या मातीचा वास, कुठेतरी नळ टिपटिप गळत होता. चहा आला. बाईंनी विचारलं, हे नक्की काय असतं, आणि आईने पहिल्यापासून सांगायला घेतलं. नळ्या, पंख, टेपचा वेढा, तो टेप मुळात कुणी लावला होता. बायको मधे मधे दुरुस्त्या करत होती, आई तिच्या दुरुस्त्या दुरुस्त करत होती, आणि दोघी एकमेकींची वाक्यं पुरी करता करता हातवारे इतके करत होत्या की मी माझा कप उचलून लांब धरला. शिट्टीकाका खालचे दोन्ही मजले शोधून घेऊन आले तेव्हा सगळं परत पहिल्यापासून सुरू झालं.

प्रत्येक वेळी रॉकेट आणखी वर जात होतं. पहिल्यांदा सांगताना ते धावपट्टीच्या लांबीइतकं उंच होतं. शिट्टीकाका आल्यावर त्याच्या दुप्पट. निरोप घ्यायला आम्ही उठलो तोवर आईच्या सांगण्यात ते ढगांच्या वर निघून गेलं होतं.

त्या सकाळी आकाशात एकही ढग नव्हता.

"हो ना, आई," बायको चहाचे कप गोळा करता करता म्हणाली. "चांगलंच वर."